जनुकसंच आणि फवारणीची वही

कांद्याच्या एका पेशीत माणसाच्या पेशीपेक्षा सुमारे पाचपट डीएनए असतो, हे पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगितले की हमखास हशा पिकतो. निफाड-येवल्याकडून येणाऱ्या मुलांना या माहितीचा विशेष अभिमान वाटतो. "म्हणूनच मॅडम, त्याच्या भावाचा अंदाज कोणाला येत नाही," असे एकाने मागच्या बाकावरून सुनावलेही होते. आकडे असे आहेत : माणसाच्या जनुकसंचाच्या (पेशीतील सगळ्या डीएनएच्या, म्हणजे जिनोमच्या) एका संपूर्ण प्रतीत डीएनएची सुमारे ३१० कोटी अक्षरे असतात, तर कांद्याच्या जनुकसंचात सुमारे १६०० कोटी. अक्षरे चारच, ए, टी, जी आणि सी. सारा खेळ त्यांच्या क्रमाचा. गुणसूत्रांच्या जोड्या मात्र माणसात २३ आणि कांद्यात अवघ्या ८.

डीएनए डोळ्यांनी पाहण्याच्या प्रात्यक्षिकासाठी नाशिकच्या महाविद्यालयाला कांद्याशिवाय दुसरे काही शोधावे लागत नाही. कांदा बारीक चिरायचा, मिठाच्या पाण्यात भांडी घासण्याचा थोडा द्रवसाबण घालून त्यात तो खलायचा आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचा. साबणाने पेशींची आवरणे विरघळतात. मग परीक्षानळी तिरकी धरून तिच्या कडेने बर्फात थंड केलेले अल्कोहोल सावकाश सोडायचे. दोन थरांच्या सीमेवर आधी बारीक बुडबुडे दिसतात आणि थोड्याच वेळात शेवाळासारखे पांढुरके तंतू वर चढू लागतात, जे काचेच्या कांडीवर गुंडाळून घेता येतात. डोळ्यांतून पाणी काढत का होईना, मुले हे पाहताना गप्प होतात.

पाचपट डीएनए म्हणजे पाचपट गुंतागुंत, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये म्हणून टी. रायन ग्रेगरी या जीवशास्त्रज्ञाने २००७ साली 'कांद्याची कसोटी' मांडली. जनुकसंचातील प्रत्येक अक्षराला काही ना काही काम असतेच, असे म्हणणाऱ्याने आधी कांद्याला माणसाच्या पाचपट कामाची गरज का पडते ते सांगावे, असा तिचा आशय आहे. कांद्याचा जनुकसंच फुगलेला आहे तो मुख्यतः स्वतःच्या प्रती काढून इकडेतिकडे जाऊन बसणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांमुळे. असे उड्या मारणारे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांच्या रंगांचा अभ्यास करताना ओळखले होते, तेही डीएनएची रचना उलगडण्यापूर्वी. त्यांना नोबेल मिळायला मात्र १९८३ साल उजाडावे लागले. या तुकड्यांची गाठ पुढे द्राक्षबागेत पुन्हा पडणार आहे.

मानवी जनुकसंच वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि एप्रिल २००३ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्याचा खर्च सुमारे ३०० कोटी डॉलर सांगितला जातो. प्रत्यक्षात तेव्हा सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता, कारण एकसारख्या मजकुराच्या लांबच लांब पट्ट्या जुळवणे तेव्हाच्या यंत्रांना जमत नव्हते. ती उणीव २०२२ साली भरून निघाली. प्रथिने घडवणारी जनुके निघाली केवळ २०,००० च्या आसपास, आणि त्यांनी व्यापलेली जागा एकूण लांबीच्या एक-दोन टक्के. आज एका व्यक्तीचा जनुकसंच काही शे डॉलरमध्ये वाचून मिळतो. एखाद्या यंत्रणेची किंमत वीस वर्षांत इतकी घसरल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

या घसरणीचा एक परिणाम असा की वाचन हा आता अडचणीचा टप्पा राहिलेला नाही. अडते ते त्याच्या पुढे. वाचलेल्या क्रमातील अमुक ठिकाणचे अक्षर बदलले तर वेलीत, जनावरात किंवा माणसात नेमके काय बदलते, हे सांगायचे असेल तर त्या वेलीची, जनावराची किंवा माणसाची वर्षानुवर्षे नेटाने ठेवलेली नोंद लागते. ती नसेल तर कोट्यवधी अक्षरांची फाईल हार्डडिस्कवर नुसती पडून राहते. या विषयावर मराठीत बरेच लिहिले जाते, पण त्यातला बहुतेक भर यंत्रांवर आणि चमत्कारांवर असतो. नोंदींबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून माझ्या जिल्ह्यातली पिके, आजार आणि जनावरे यांच्या आधाराने ही बाजू मांडते आहे.

प्रथम कांद्याचेच पाहू. कांद्याचे फूल इतके लहान असते आणि डोंगळ्याच्या (बियांसाठी वाढवलेल्या कांद्याच्या फुलदांड्याच्या) एकेका गोंड्यावर अशी इतकी फुले असतात की संकरित बियाण्यासाठी हाताने पुंकेसर काढत बसणे केवळ अशक्य. १९२५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांना परागच न धरणारे कांद्याचे एक झाड सापडले आणि संकरित कांद्याचा मार्ग मोकळा झाला. ही नरवंध्यता दोन गोष्टींच्या जुळणीवर ठरते : पेशीद्रव्याचा प्रकार, जो फक्त मादीकडून येतो, आणि केंद्रकातले एक जनुक. एखाद्या देशी वाणातील कोणत्या झाडाचे पेशीद्रव्य कोणत्या प्रकारचे आहे, हे जुन्या पद्धतीने तपासायचे तर संकर करून पुढच्या पिढीचा फुलोरा पाहावा लागे. आणि कांदा हे उळ्यापासून (बियांपासून) कांदा, कांद्यापासून डोंगळा आणि मग पुन्हा बी, असे दोन हंगामांचे चक्र असलेले पीक असल्यामुळे या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी चार ते आठ वर्षे खर्ची पडत. आता रोपाच्या पातीचा तुकडा प्रयोगशाळेत दिला की डीएनएवरील खुणेवरून काही दिवसांत उत्तर मिळते. साठवणीत टिकणे, मोड न येणे, दुभाळके (जोडकांदे) न होणे हे आपल्या उन्हाळ कांद्याच्या दृष्टीने खरे मोलाचे गुण मात्र एका जनुकावर ठरत नाहीत. तिथे साठवणीच्या चाळीतला कांदा महिन्या-महिन्याला निवडून किती सडला, किती कोंबारला याचा हिशेब ठेवणाराच कामाचा.

द्राक्षांबद्दल अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण दिंडोरी तालुक्यात माझ्या चुलतभावाची बाग आहे आणि दर वर्षी गोडी छाटणीनंतर (फळे धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) तिथल्या गप्पांत हा विषय या ना त्या निमित्ताने निघतोच. द्राक्षाचा जनुकसंच २००७ साली फ्रान्स आणि इटली येथील शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केला. फळपिकांमधला तो पहिलाच. त्यासाठी पिनो न्वार या वाणाच्या वंशातील वेलीपासून पुन्हा पुन्हा स्वपरागीकरण करून मिळवलेली एक जवळजवळ शुद्ध वेल निवडली होती, कारण बागेतल्या सामान्य वेलीत दोन्ही पालकांकडून आलेल्या प्रतींमध्ये इतका फरक असतो की तुकडे जुळवताना घोटाळा होतो. गुणसूत्रांच्या १९ जोड्या आणि एका प्रतीत सुमारे ५० कोटी अक्षरे, म्हणजे कांद्यापुढे अगदीच आटोपशीर.

द्राक्षाच्या जंगली पूर्वजांची फळे काळी. मग हिरवी, म्हणजे शास्त्राच्या भाषेत पांढरी, द्राक्षे आली कुठून, याचे उत्तर २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी दिले. सालीतील रंगद्रव्याचे काम सुरू करणाऱ्या एका जनुकाच्या अगदी तोंडाशी एक उड्या मारणारा तुकडा येऊन बसला आहे आणि त्यामुळे ते जनुक बंद पडले आहे. त्याच्या शेजारचे तशाच कामाचे दुसरे जनुकही वेगळ्या बदलांनी निकामी झाल्याचे पुढे आढळले. इटालिया या पांढऱ्या वाणाच्या वेलीवर ज्या डोळ्यातून लाल मण्यांची फांदी फुटली आणि जिच्यापासून रुबी ओकुयामा हा वाण झाला, तिच्यात तो तुकडा बहुतांशी निघून गेलेला होता. कांद्याचा जनुकसंच ज्यांनी फुगवला त्याच जातीच्या तुकड्याने आपल्या हिरव्या द्राक्षांचा सगळा निर्यात-व्यापार उभा केला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

बिनबियांच्या द्राक्षांची कथा याहून व्यवहाराची आहे. थॉमसन सीडलेसच्या मण्यात बी मुळीच धरत नाही असे नसते. ते धरते, पण त्याचे कवच कठीण होण्यापूर्वीच वाढ खुंटते, आणि खाताना ते जाणवत नाही. या खुंटण्याच्या मुळाशी एका जनुकातील एका अक्षराचा बदल असल्याचे स्पष्ट झाले आहे. पूर्वी नवा बिनबियांचा वाण काढायचा म्हणजे संकराच्या शेकडो रोपांना मांडव, पाणी आणि खते देत तीन-चार वर्षे फळाची वाट पाहायची आणि त्यांतली बहुतेक रोपे बियांची निघाली म्हणून उपटून टाकायची, असा प्रकार होता. आता रोप दोन पानांवर असतानाच पानाची तपासणी करून बियांची रोपे बाजूला काढता येतात, आणि मांडवाची जागा फक्त उरलेल्यांना मिळते.

महाराष्ट्रातले नामांकित वाण मात्र अशा तपासणीतून आलेले नाहीत. तासगावकडचा तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजची लांबट मण्यांची सोनाका हे दोन्ही थॉमसनच्याच वेलींवर आपोआप घडलेले बदल आहेत, आणि ते टिपले ते बागायतदारांच्या नजरेने. एकाच वाणाच्या काड्या हजारो एकरांवर कलम करून लावल्या जातात तेव्हा कुठे ना कुठे एखादा डोळा वेगळा फुटतो. तो वेगळा आहे हे ओळखून, त्यावर खूण बांधून, पुढच्या छाटणीला तीच काडी जपून ठेवणारा माणूस जागेवर असावा लागतो. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि तिथे वाणांचे संग्रह जपले जातात. तरीही अशी पहिली खूण बहुधा बागेतच बांधली जाते.

भावाला या सगळ्यात फारसा रस नाही. "ताई, तुमच्या त्या जीनचं राहू द्या, पोंग्यात पाऊस आलाय, डावणीला काय मारू ते सांगा," असा त्याचा रोकडा सवाल असतो. (पोंगा म्हणजे नुकती निघालेली कोवळी फूट, आणि डावणी म्हणजे डाउनी मिल्ड्यू हा द्राक्षवेलीचा रोग.) गंमत अशी की जनुकशास्त्राकडे देण्यासारखे उत्तर नेमके याच प्रश्नाला आहे. डावणीचा रोगकारक जीव उत्तर अमेरिकेतून १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये पोहोचला आणि त्याच्यावर १८८० च्या दशकात सापडलेले मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण आजही आपल्या बागांत फवारले जाते. नंतर आलेल्या स्ट्रोबिलुरिन गटातील औषधांना मात्र हा जीव लवकर सरावला. त्याच्या ऊर्जानिर्मितीशी संबंधित एका जनुकात एका अक्षराचा बदल होतो, प्रथिनातील १४३ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन येते आणि औषध त्या जागी पकड घेऊ शकत नाही. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग आणि उलटून पाहिल्यावर खाली पांढरी बुरशी, इतपत निदान कोणताही बागायतदार चालता चालता करतो. परंतु त्या पांढऱ्या थरातला जीव औषधाला दाद देणारा की न देणारा, हे पान पाहून कळत नाही, डीएनएवरून कळते.

इथेच फवारणीच्या वहीचे मोल लक्षात येते. निर्यातीच्या बागांची ग्रेपनेट या सरकारी प्रणालीवर नोंदणी असते आणि फळात राहणाऱ्या औषधांच्या उर्वरित अंशांच्या नियमांमुळे कोणते औषध, किती प्रमाणात, कोणत्या तारखेला मारले याची वही ठेवावीच लागते. भावाच्या वहीत औषधाच्या पुढे "गुण आला नाही, दोन दिवसांनी परत डाग" अशी पेन्सिलीने लिहिलेली ओळ असते, जी कोणत्याही तपासणीसाने मागितलेली नसते. एका तालुक्यातील अशा वह्या आणि त्याच बागांतील डावणीच्या नमुन्यांचे डीएनए शेजारी ठेवले तर कोणता औषधगट कोणत्या भागात वाया जातो आहे ते हंगाम संपण्यापूर्वी सांगता येईल. आज त्या वह्या तपासणीपुरत्या उघडतात आणि नंतर कपाटात जातात.

रोगप्रतिकारक वाणांकडे जगाची वाटचाल चालू आहे. अमेरिकेतील जंगली द्राक्षांत डावणी आणि भुरी या दोन्ही रोगांना तोंड देणारी जनुके आहेत, आणि फ्रान्समध्ये २०१८ साली नोंदले गेलेले आर्ताबान, फ्लोरेआल, विदोक आणि व्होल्तिस हे वाइनचे वाण अशी एकाहून अधिक जनुके एकत्र आणून तयार केलेले आहेत. एकाच जनुकावर भिस्त ठेवली तर रोगकारक त्यावरही मात करतो, हे युरोपात एका जनुकाच्या बाबतीत घडून गेले आहे; म्हणून दोन-तीन जनुके एकाच वेलीत असल्याची खात्री डीएनए-तपासणीने करून घेतात, कारण नुसते निरोगी पान पाहून आत एक जनुक आहे की तीन हे ओळखता येत नाही. खाण्याच्या द्राक्षांत चव, मण्याचा आकार आणि कुरकुरीतपणा सांभाळून हे करणे अधिक जिकिरीचे आहे. टोमॅटोत ही मजल पूर्वीच गाठली गेली : पिंपळगावच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोवरील पर्णगुच्छ विषाणूला रोखणारी जनुके जंगली टोमॅटोतून आणली गेली असून संकरित बियाण्याच्या पैदाशीत त्यांच्या डीएनए-खुणा आता नित्याच्या झाल्या आहेत.

आरोग्याच्या बाबतीत नाशिक जिल्ह्याला सर्वांत जवळचा विषय सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. पेठ, सुरगाणा, कळवण या आदिवासी तालुक्यांत तपासणी शिबिरे होतात. तिथली पहिली चाचणी अगदी साधी असते : बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा आणि थोड्या वेळाने नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर प्रश्न मिटला. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. ती व्यक्ती नुसती वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेली) आहे की रुग्ण, हे मात्र या चाचणीवरून ठरत नाही, त्यासाठी पुढची तपासणी करावी लागते, आणि नेमका हाच फरक शिबिराच्या गर्दीत समजावून सांगायचा राहून जातो. वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. एवढी एक गोष्ट नीट न सांगता कार्ड हातात दिले की ते मुलीच्या लग्नाच्या आड येते, हे त्या भागातून येणाऱ्या विद्यार्थिनींकडून मी ऐकले आहे.

या आजाराचे मूळ एका अक्षरात आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका जागी 'ए' ऐवजी 'टी' आल्याने सहाव्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. प्रथिनातला हा बदल व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५० च्या दशकातच दाखवला होता. मग जनुकसंचाच्या वाचनाने नवीन काय दिले? त्याचे उत्तर आजाराच्या कारणात नसून त्याच्या तीव्रतेत आहे. हाच बदल असलेल्या दोन रुग्णांपैकी एक वारंवार रुग्णालयात दाखल होतो आणि दुसरा शेतात काम करत राहतो, असे का होते? ज्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकून राहते त्यांना त्रास कमी होतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. २००७-०८ मध्ये अनेक लोकांच्या संपूर्ण जनुकसंचातील खुणा आणि त्यांच्या रक्तातील या हिमोग्लोबिनचे प्रमाण यांची सांगड घातली तेव्हा बीसीएल११ए हे जनुक समोर आले. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करण्यात त्याचा हात असतो.

त्या शोधापासून उपचारापर्यंत पंधरा-सोळा वर्षे लागली. एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ साली मांडलेल्या आणि २०२० च्या नोबेलने गौरवलेल्या, डीएनए ठरवलेल्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळ पेशींत बीसीएल११ए चे लाल पेशींपुरते नियंत्रण तोडायचे आणि त्या पेशी परत शरीरात सोडायच्या, अशा उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे, तेव्हा सुरगाण्याच्या रुग्णापर्यंत तो त्या स्वरूपात पोहोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला आज आधार आहे तो हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीचा. दिल्लीच्या सीएसआयआरच्या जीनोमिक्स संस्थेत स्वदेशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे आणि ते महत्त्वाचेच आहे. मात्र १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तिच्यात केवळ 'आहे' किंवा 'नाही' न लिहिता रुग्णाला वर्षभरात किती वेळा वेदनांचा झटका आला, किती वेळा रक्त चढवावे लागले हेही भरले गेले, तर भारतीय रुग्णांमधील फरकांचा उलगडा इथेच होऊ शकेल. भारतातील अनेक रुग्णांत ज्या अरब-भारतीय प्रकारच्या गुणसूत्रावर हा बदल आढळतो, त्याच्यासोबत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त राहते, हे माहीत आहेच.

भारतीयांचे जनुकसंच मुळात जगाच्या नोंदींत फार थोडे होते. ती कमतरता भरून काढण्यासाठी देशातील वीस संस्थांनी मिळून केलेल्या जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० व्यक्तींचे जनुकसंच वाचले गेले, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ती माहिती फरिदाबादच्या जैविक माहिती केंद्रातून संशोधकांसाठी खुली करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या जातीत आणि पोटजातीत लग्ने होत आलेल्या आपल्या समाजात एखादा दुर्मीळ बदल एका समूहात साठत जातो, म्हणून ८३ लोकसमूहांतून नमुने घेण्याला अर्थ होता. औषधांच्या बाबतीत याचा थेट उपयोग होतो. अँजिओप्लास्टीनंतर सर्रास दिले जाणारे क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध यकृतातील एका विकराने सक्रिय झाल्याखेरीज काम करत नाही, आणि तो विकर मंद असणाऱ्यांचे प्रमाण दक्षिण आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा अधिक आहे. अशा रुग्णाला गोळी दिली तरी तिचा पुरेसा परिणाम होत नाही, आणि हे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही.

क्षयरोगात हे तंत्र जिल्हा रुग्णालयापर्यंत येऊन पोहोचले आहे, फक्त त्याला कोणी जनुकशास्त्र म्हणत नाही. क्षयाच्या जंतूचा ४४ लाख अक्षरांचा जनुकसंच १९९८ साली वाचला गेला. बेडक्यावरून सुमारे दोन तासांत क्षय आहे की नाही आणि रिफाम्पिसिन हे औषध चालेल की नाही हे सांगणारे सीबीनॅट यंत्र त्या जंतूच्या एका जनुकातील ठरावीक भागच तपासत असते. जंतू वाढवून तपासायचा तर आठवडे जातात. कोणता बदल कोणत्या औषधाला निकामी करतो याची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेली यादी हजारो रुग्णांच्या नमुन्यांतील डीएनए आणि प्रयोगशाळेतील वाढ यांचा ताळा घालून बनली आहे, पुन्हा नोंदच.

जनुकात दुरुस्ती करून काढलेल्या पिकांबद्दल आपल्याकडे बीटी कापसाच्या अनुभवामुळे संशय आहे, आणि गुलाबी बोंडअळीने जे केले ते पाहता तो अनाठायी नाही. तरी दोन्हींत फरक करायला हवा. बीटी कापसात जिवाणूचे जनुक बाहेरून घातलेले आहे. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीआरआर धान १०० आणि पुसा डीएसटी राईस १ या भाताच्या वाणांत भाताच्याच जनुकात लहानसा बदल केला असून परके जनुक राहू दिलेले नाही. पहिला सांबा मसुरी या वाणावरून काढलेला आहे आणि तो सुमारे वीस दिवस आधी तयार होतो, असे तो काढणाऱ्या संस्थेचे म्हणणे आहे. इगतपुरीच्या शेतकऱ्याला इंद्रायणी सोडून तो का लावावासा वाटेल, हे मात्र इगतपुरीच्या पावसात दोन-तीन हंगाम तो वाण उभा राहिल्यावरच ठरेल. तोवर एकरी उत्पन्नाचे आकडे ऐकून मत बनवू नये, असे मला वाटते.

जनावरांच्या पैदाशीत जनुकसंचाने घडवलेला बदल पिकांपेक्षाही मोठा आहे. वळूला स्वतः दूध येत नाही. त्याची योग्यता त्याच्या मुली दुधावर आल्यावर कळे, आणि त्यात पाच-सहा वर्षे जात. संपूर्ण जनुकसंचावरील हजारो खुणांवरून वासराची योग्यता जन्मतःच आजमावण्याची पद्धत २००१ साली मांडली गेली, आणि २००९ पासून अमेरिकेतील होल्स्टीन गाईंत ती रूढ झाली. भारतीय गाईंसाठी तयार केलेल्या गौचिपचे आणि म्हशींसाठीच्या महिषचिपचे अनावरण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला झाले. चिप खुणा वाचते, पण त्या खुणांचे मोल ठरते ते हजारो गाईंच्या दूधमापनावरून. आपल्याकडे अशी नियमित मोजणी फार थोड्या गोठ्यांत होते. इगतपुरी-अकोले पट्ट्यातील डांगी गाईची अडचण तर आणखी निराळी आहे, कारण ही जात दुधासाठी ओळखलीच जात नाही. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे मुसळधार पावसात ती टिकते. आणि तिचे बैल भाताच्या चिखलात ओढकाम करतात. जनावराच्या कानातल्या टॅगवर बारा अंकांचा क्रमांक असतो, त्याच्यापुढे वेत, लसीकरण आणि दूध यांची माहिती भरता येते. चिखलात बैल किती वेळ न थकता चालला, श्रावणात त्याच्या खुरांना काय झाले, यासाठी दुधाच्या तक्त्यात रकाना नसतो. डांगीच्या बाबतीत चिपला काही सांगता यायचे असेल तर तो रकाना आधी आखावा लागेल, आणि त्यात काय लिहायचे हे डांगी पाळणाऱ्यांना विचारावे लागेल.